संवादलेखनासाठी नोकरी सोडू का?

प्रश्न: नाशिकला खासगी नोकरी आहे, हातात ५२ हजार येतात. पत्नीचा पगार २८ हजार. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ५८ हजार, बचत ३ लाख ६० हजार. दैनंदिन मालिकेचे संवाद लिहायला बोलावलं आहे. एपिसोडमागे ४ हजार, महिन्याला २४ एपिसोड, पैसे बिलानंतर ९० दिवसांनी. नोकरी सोडू का?

नमस्कार. तुम्ही ५२ हजारांशेजारी ९६ हजार मांडलेत, पण मला काळजी आहे ती पैसे हातात कधी पडतील याची. जूनच्या एपिसोडचं बिल जूनअखेर जाईल, १० टक्के टीडीएस कापून ८६,४०० रुपये सप्टेंबरअखेर येतील. (वर्षाचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिलं, तर नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरून हा टीडीएस परत मिळतो.) तोवर चार महिने दरमहा ३० हजार कमी पडतील, म्हणजे बचतीतले १ लाख २० हजार जातील. उरतात २ लाख ४० हजार. मालिका अचानक गुंडाळली, तरी मागची तीन बिलं येत राहतील आणि तेवढ्यात दुसरं काम शोधता येईल. पत्नीच्या पगारामुळे हे झेपेल. तेव्हा माझं उत्तर होय, पण करारावर सही झाल्यावरच.

करारात आधी हे बघा: पैसे एपिसोड लिहून दिल्यावर की दाखवला गेल्यावर? माझ्याकडे येणाऱ्या एका लेखिकेने एक एपिसोड चार वेळा लिहिला. तो दाखवलाच गेला नाही, पैसेही बुडाले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. आता तिच्या वहीत प्रत्येक एपिसोडपुढे मेल केल्याची, बिलाची आणि पैसे जमा झाल्याची तारीख असते. ९१व्या दिवशी ती फोन करतेच. तुम्हीही अशी वही घाला. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा आणि करार तिथे दाखवा. २०१२च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कॉपीराइट कायद्याने राखला आहे. ‘सर्व हक्क सोडले’ अशा वाक्याखाली मुकाट्याने सही करू नका.

पैसे सुरू झाले की वेगळ्या खात्यात घ्या आणि घरी दरमहा ४० हजारच पाठवा. पीएफला हात लावू नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाईल आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून कुटुंबाची पॉलिसी आजच काढा, ती हातात आल्यावर राजीनामा द्या.