भाऊ अडीच वर्षं कच्चा कैदी, जामीनदार नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 2023च्या पावसाळ्यात घरातल्या चोरीच्या आरोपावरून (भा.दं.वि. कलम 380) पकडला गेला. आधीची एकही केस नाही. सुरुवातीला जामीन फेटाळला, अजून साक्षीपुरावाही सुरू नाही. बराकीत झोपायला जागा नाही, अंगभर खरूज झालीय. वहिनी मजुरीला जाते, म्हणून भाचीची चौथीतूनच शाळा सुटली. नवा कायदा जुन्या केसला लागत नाही म्हणतात, खरं का?

उत्तर : ताई, हे खरं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या त्या नव्या कायद्याचं कलम 479 हे त्या तारखेपूर्वीच्या केसमधल्या कच्च्या कैद्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केलं. तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीबद्दलच्याच प्रकरणातला हा आदेश आहे.

पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याची सुटका करायची, असं हे कलम सांगतं. कलम 380ला कमाल सात वर्षं, त्याचा एक तृतीयांश म्हणजे 28 महिने. भावाचे ते उलटून गेलेत. शिवाय इथे शब्द ‘बंधपत्रावर’ असा आहे, म्हणजे जातमुचलका (त्याने स्वतः लिहून दिलेली हमी) पुरतो, जामीनदार लागत नाही. तुमच्यासारख्यांना हेच कोणी सांगत नाही.

एक मात्र तपासा : दुसरी केस प्रलंबित असेल किंवा याच केसमध्ये आणखी कलमं लावली असतील, तर अडचण येते. दोषारोपपत्र नीट वाचून घ्या.

असा अर्ज कोर्टात पाठवणं हे तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे. त्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन 15100. रोजनाम्याची (कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीची) नक्कल जरूर काढा. आरोपीमुळे झालेला उशीर या मुदतीतून वजा होतो. पोलीस गार्ड नाही म्हणून त्याला कोर्टात आणलंच नसेल, तर तो उशीर त्याच्यामुळे नाही, हे रोजनाम्यात दिसेल. खरजेच्या उपचारांचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या.

2022च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते आणि तुरुंग क्षमतेच्या 131 टक्के भरलेले होते. भाचीसारखी मुलं या आकड्यांत कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्यासाठी सुटकेची वाट पाहू नका. शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलीला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, वर्षाच्या मध्यातही. दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. वहिनींना घेऊन याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा.