कायदेविषयक सल्ला : ऑइल कूलरच्या पाइपा आणि अडवलेली गाडी

प्रश्न : माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज ३०० डी आहे. ऑइल कूलरच्या (इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपा झिजून तेल पाझरत होतं, म्हणून मुंबईतल्या एका गॅरेजला काम दिलं. ७० टक्के पैसे आधी दिले, १८ हजार बाकी ठेवले आणि गाडी घेऊन साताऱ्याला घरी निघालो. खंबाटकी चढताना एक पाइप निसटली, तेल वाहून गेलं, इंजिन सीज (जाम) झालं. गाडी टो करून त्याच गॅरेजला पाठवली. मालक म्हणतात, ‘जुन्या गाडीची गॅरंटी नसते, बिलावर छापलंय.’ आता जुने १८ हजार, इंजिन उघडण्याची मजुरी आणि रोजचं पार्किंग दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतात. विमा कंपनीनेही हात वर केले. माझी दोन लग्नांची बुकिंगंही बुडाली, ते भाडं मिळेल का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : आधी गाडीबद्दल बोलू, कारण गाडीसोबत तुमचा पुरावाही त्यांच्याच ताब्यात आहे.

दुरुस्तीसाठी ठेवलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७० मध्ये कारागिराला दिला आहे. पण तो त्या कामापुरता आणि ताबा असेपर्यंतच असतो. पहिल्या कामानंतर त्यांनी गाडी तुमच्या हाती दिली, तिथेच त्या १८ हजारांसाठीचा हा हक्क संपला. गाडी दुसऱ्या कारणाने परत आली म्हणून तो पुन्हा जिवंत होत नाही. कोणत्याही जुन्या थकबाकीसाठी हाती आलेली वस्तू धरून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँका, अडते, धक्केवाले (बंदरावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयातले वकील अशा मोजक्यांनाच. गॅरेज त्यात बसत नाही. वेगळा करार केला असेल तरच. पार्किंगचंही तसंच. आधी ठरलं नसेल तर ते गाडी अडवण्याचं कारण होऊ शकत नाही.

राहिली इंजिन उघडण्याची मजुरी. तुम्ही ‘उघडून बघा’ असं सांगितलं होतंत का? व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, होकार दिला असेल तर तेवढ्या रकमेपुरती त्यांची बाजू उभी राहते. ती रक्कम बँकेतून भरा आणि सोबत पत्र द्या, की हे पैसे हरकत राखून, केवळ गाडी सोडवण्यासाठी देत आहे. १८ हजारांचा वाद तक्रारीत येईल. ते हवे असतील तर त्यांनी दावा लावावा, गाडी मात्र अडवू नये.

गाडी हलवण्याआधी एक काम करायचंच. विमा सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअर नेऊन गॅरेज मालकासमोर पाहणी करा. मालक आले नाहीत तर तसं अहवालात लिहून घ्या. निसटलेली पाइप, तिचं टोक, नळीवरच्या खुणा यांचे फोटो काढा, पाइप सीलबंद करा आणि सह्या घ्या. या गाडीच्या पाइपा मूळच्या धातूच्या नळीवर प्रेस करून बसवलेल्या असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला साधी होज क्लिप (पाइपेवर आवळायची पट्टी) दिसते. गरम तेलाच्या दाबाखाली रबर नुसत्या क्लिपने धरलं असेल, तर मुद्दा गाडीच्या वयाचा राहत नाही, कामाच्या दर्जाचा होतो. मूळ पाइप मिळत नाही ही सबबही फारशी टिकणार नाही. जेसीबीच्या हायड्रॉलिक पाइपा प्रेस करून देणारी दुकानं एमआयडीसीत असतात, आणि जुनी टोकं नेली तर तिथे तशाच पाइपा बनवून मिळतात. हे सगळं इंजिनिअरच्या तोंडून अहवालात यायला हवं, कारण सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

‘गॅरंटी नाही’ हे नक्की कशावर छापलंय ते बघा. काम झाल्यावर हाती आलेल्या बिलावरची ओळ म्हणजे तुम्ही आधी मान्य केलेली अट नव्हे. सुरुवातीला सही केलेल्या जॉब कार्डावर ती असेल तर विचार करावा लागेल. तरीही, पाइप किती वर्षं टिकेल याची हमी न देणं वेगळं आणि ती धड न बसवणं वेगळं, हा युक्तिवाद हातात राहतोच. मात्र ‘ही अटच अन्याय्य करार आहे’ अशी मागणी करू नका. अन्याय्य कराराची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार थेट राज्य आयोगाकडे जाते आणि तुमचं साधं प्रकरण विनाकारण लांबेल.

तुमची तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात बसते. गॅरेज मुंबईत असलं तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९च्या कायद्याने दिलेली मोठी सोय. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवस थांबा. तोवर गाडी सुटली नाही तर तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागा. वकील नेमणं सक्तीचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडताना त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र द्या. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर चिकटत नाही, पण समोरच्याला बोलायला जागा कशाला ठेवायची?

आता लग्नं. तुम्ही ज्या नुकसानीबद्दल सर्वांत हळहळून लिहिलंय, ते मागूच नका. ज्या क्षणी तुम्ही ‘भाडं बुडालं’ म्हणाल, त्या क्षणी समोरचे वकील म्हणतील की सेवा व्यापारी हेतूने घेतली, सबब हे ग्राहकच नाहीत. शिवाय पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं हा मोटार वाहन कायद्यात परवान्याचा भंग आहे, आणि विमा पॉलिसीतही भाड्याच्या वापराला मनाई असते. म्हणजे काही हजारांसाठी तुम्ही शपथेवर स्वतःविरुद्ध कबुली द्याल. याचा अर्थ खोटं बोला असा मुळीच नाही. विचारलं तर खरं सांगा: गाडी हौसेची आहे, वर्षातून एक-दोन लग्नांना जाते. अशा वेळी मुख्य हेतू कोणता हे पाहतात, आणि तो हौसेचा असेल तर तुम्ही ग्राहकच राहता. यापुढे मात्र ती बुकिंगं थांबवा.

दुसरी अवघड गोष्ट ऑइल प्रेशरच्या काट्याची. काटा शून्यावर गेलेला दिसला, पण ‘घाट संपल्यावर थांबू’ असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. तिथे तुमची भरपाई कमी होऊ शकते. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमचीही असते, आणि तेलाविना इंजिन चालवल्यावर बेअरिंग जाण्यास वेळ लागत नाही. थांबायला सुरक्षित जागा नव्हती, मागून ट्रक होते, असं असेल तर ते तक्रारीतच लिहा. उलटतपासणीत निघालं तर जास्त महागात पडेल. पाइप, मजुरी, टोइंग आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा अंदाजपत्रकासह खर्च मागा. मानसिक त्रासाची रक्कम बेताची ठेवा.

विमा कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. पोलिसांतही जाऊ नका. पैशांच्या वादातून गाडी अडवणं याला ते दिवाणी बाब म्हणतील, आणि बहुधा बरोबरच म्हणतील.

नव्या पाइपा स्टीलच्या जाळीच्या घातल्या तर ‘मॉडिफिकेशन’ होईल का, असं शेवटी विचारलंय. आरसीवर पाइपांची नोंद नसते, त्यामुळे मोटार वाहन कायद्यातल्या, गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२चा प्रश्न येत नाही. इंजिनच बदलावं लागलं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक दोन्ही लागतील. जुनं इंजिन मात्र निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका.