टन वर्गाच्या लाकडी माइनस्वीपरला युद्धनौका म्हणता येते का?

आपण विचारले आहे की, आपले आजोबा १९६०च्या दशकात आयएनएस कडलूर या टन वर्गाच्या माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणाऱ्या नौकेवर, होते. तर या वर्गाचा इतिहास काय, आणि लाकडाच्या जहाजाला युद्धनौका म्हणता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, म्हणता येते, आणि आपल्या मनात ही शंका ज्याने घातली त्याला पाणसुरुंग म्हणजे काय ते कळलेले नाही. मी हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण हाच वाद आमच्या घरात माझ्या लहानपणापासून चालू होता.

माझे वडील त्याच वर्गाच्या आयएनएस कारवारवर खलाशी होते, तर थोरले काका आयएनएस म्हैसूर या क्रूझरवर, म्हणजे मोठ्या तोफांच्या पोलादी युद्धनौकेवर. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत दोघेही समुद्रावर होते. म्हैसूर गोव्याजवळच्या अंजदीव बेटावरच्या कारवाईला पाठबळ देत होती, आणि कारवार, काकीनाडा, कॅनानोर व बिमलीपट्टम या नौकांचा माइनस्वीपर गट त्याच ताफ्याचा भाग होता. सुट्टीत दोघे भाऊ एकत्र जेवायला बसले की काका हमखास म्हणत, "आम्ही तोफा डागल्या, तुम्ही दोर ओढलात. तुझा तो लाकडी मचवा, त्याला युद्धनौका कोण म्हणेल?" वडील मोठ्या भावाला उलट बोलत नसत.

एकदाच ते जेवणावरून उठले. त्यांनी पेटीतून लहानसे होकायंत्र आणून पंगतीच्या मधोमध ठेवले. त्याच्या शेजारी आधी लाकडी पाट सरकवला, मग पितळी तांब्या आणला. सुई जागची हलली नाही. नंतर त्यांनी आईकडून विळी मागून घेतली आणि ती वीतभर अंतरावर धरताच सुई गर्रकन फिरली. "दादा, ही सुई म्हणजे समुद्राच्या तळाशी पडलेला सुरुंग. तुमची म्हैसूर म्हणजे ही विळी, आणि आमची कारवार म्हणजे हा पाट," एवढेच ते म्हणाले. काकांनी उत्तर दिले की सुई हलली नाही म्हणून पाट काही जहाज होत नाही. वडिलांनी होकायंत्र पुसून पेटीत ठेवले आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्या पाटाची गोष्ट हाच टन वर्गाचा निम्मा इतिहास आहे. पोलादी जहाज स्वतः एक मोठे चुंबक असते आणि चुंबकीय सुरुंगाला ते वरून गेल्याचे नेमके जाणवते. जर्मनांनी टाकलेला असा एक सुरुंग नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसच्या चिखलात ब्रिटिशांच्या हाती अखंड लागला, तेव्हा त्याचे गुपित उघडे पडले. उरलेला निम्मा इतिहास कोरियाच्या युद्धातला आहे, आणि तो वडिलांनी काकांना ऐकवायला हवा होता. ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकेचा बलाढ्य ताफा वोन्सान बंदरात सैन्य उतरवायला निघाला आणि तिथे पेरलेल्या सुमारे ३,००० सुरुंगांपुढे थांबला. पायरेट आणि प्लेज या दोन पोलादी माइनस्वीपर नौका १२ ऑक्टोबरला बुडाल्या. सैनिक जहाजांवर ताटकळत राहिले आणि ते उतरले तोपर्यंत दक्षिण कोरियाच्या पायदळाने जमिनीवरून येऊन शहर घेतलेही होते. ते सुरुंग रशियाने पुरवलेले होते आणि त्यांतले पुष्कळसे साध्या देशी होड्यांतून टाकलेले होते. म्हणजे काका ज्याला मचवा म्हणून हिणवत, तसल्या होड्यांनी क्रूझर अडवून धरल्या होत्या.

त्याच भीतीपोटी ब्रिटनने किनारी माइनस्वीपर घाईने बांधायला घेतले. आराखडा थॉर्नीक्रॉफ्ट या ब्रिटिश जहाजबांधणी कंपनीचा होता. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर, लांबी सुमारे ४६ मीटर आणि वजन पूर्ण भारासह ४४० टनांच्या आसपास. पहिली नौका कॉनिस्टन १९५३ मध्ये दाखल झाली आणि पुढे शंभरावर नौका बांधल्या गेल्या. 'टन' म्हणजे इथे वजन नव्हे. या नौकांना 'टन'ने संपणाऱ्या ब्रिटिश गावांची नावे होती, म्हणून हे वर्गाचे नाव. सुरुवातीच्या नौकांना मिर्लीज डिझेल इंजिने होती, नंतर नेपियर डेल्टिक आली, जी वजनाने हलकी होती आणि जिचा चुंबकीय प्रभावही कमी होता. भारताने १९५६ मध्ये चार नौका घेतल्या. व्हिटनची कॅनानोर झाली, डरवेस्टनची काकीनाडा, ओव्हरटनची कारवार आणि वेनिंग्टनची आपल्या आजोबांची कडलूर.

'दोर ओढणे' म्हणजे काय, तेही काकांना कोणी सांगितले नाही. तळाला नांगरलेला सुरुंग असेल तर जहाजामागे पोलादी तार सोडतात. ती फ्लोटच्या आणि पाण्याखालच्या फळीच्या आधाराने बाजूला ताणली जाते, तिच्यावरचे कटर सुरुंगाची साखळी तोडतात, आणि वर आलेला सुरुंग गोळी घालून बुडवतात किंवा फोडतात. चुंबकीय सुरुंगासाठी तरंगती जाड केबल ओढून तिच्यातून विजेचे झटके देतात, म्हणजे पोलादी जहाज आले असे समजून तो मागे, मोकळ्या पाण्यात फुटतो. हे सारे करताना नौकेला संथ वेगाने, आखलेल्या सरळ रेषेत जावे लागते, आणि सुरुंग असलेल्या पाण्यात पहिली तीच शिरते, क्रूझर मागून येते. ताणलेली तार तुटली तर मागच्या डेकवर उभ्या माणसाचा पाय जाऊ शकतो. म्हणून वडील म्हातारपणीसुद्धा ताणलेल्या दोरीच्या रेषेत उभे राहत नसत आणि आम्हालाही उभे राहू देत नसत.

ब्रिटनमध्ये या नौका पुढे अनेक कामांना जुंपल्या गेल्या. १९६४ मध्ये कर्कलिस्टनचे रूपांतर 'सोनार' या ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्रणेने सुरुंग हुडकणाऱ्या नौकेत झाले आणि १९७४ मध्ये सुएझ कालव्याच्या सफाईत मॅक्स्टन व बॉसिंग्टन होत्या. १९७३ची विल्टन तर टन वर्गाच्याच आराखड्यावर, पण काचतंतूच्या प्लास्टिकची बांधली गेली. त्या साहित्याची ती जगातली पहिली युद्धनौका. ज्या लाकडाला काका हसत असत, त्याची जागा विल्टनवर पोलादाने नव्हे, तर काचतंतूने घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. लाकूड म्हणजे अभेद्य कवच नव्हे. टक्कर होऊन फुटणाऱ्या सुरुंगाला लाकूड-पोलाद सारखेच, आणि फिटल्टन ही याच वर्गाची नौका १९७६ मध्ये फ्रिगेट या मोठ्या युद्धनौकेशी झालेल्या टकरीत बुडून १२ जण गेले. दुसरे म्हणजे, कारवार, काकीनाडा, कॅनानोर आणि कडलूर ही नावे पुढे पाँडिचेरी वर्गाच्या रशियन बनावटीच्या नौकांना पुन्हा देण्यात आली. त्या सुमारे ६१ मीटर लांब होत्या आणि २०१७-१८ मध्ये निवृत्त झाल्या, त्यामुळे 'आयएनएस कडलूर' म्हणून मिळणारी बहुतेक छायाचित्रे त्यांची असतात. आजोबांच्या छायाचित्राशेजारी दुसरे चित्र लावणार असाल तर ते १९८०च्या आधीचे आहे ना, हे पाहून घ्या. आणि खाली नाव लिहिताना 'युद्धनौका' हा शब्द गाळू नका.