अनोळखी व्यापाऱ्याचा भरवसा

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात परराज्यातील एका व्यापाऱ्याने बांधावरच सौदा ठरवला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे मोबाइलवर ताबडतोब पाठवले आणि उरलेला माल उचलून तो पसार झाला. माझे वडील मात्र तीस वर्षे सांगलीत हळद विकत आले. ती घेणारे परगावचे व्यापारी त्यांनी कधी पाहिलेही नाहीत, तरी एक पैसा बुडाला नाही. पूर्वीची माणसे प्रामाणिक होती, एवढेच याचे कारण आहे काय? (एक वाचक)

उत्तर : माणसे पूर्वीही आजच्याइतकीच बरीवाईट होती, असे आमचे मत आहे. आपल्या वडिलांनी त्या परगावच्या व्यापाऱ्यावर विश्वास टाकलाच नव्हता. तो अडत्यावर, म्हणजे शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामधल्या दलालावर, टाकला होता. अडत्याची पेढी पेठेत, परवाना बाजार समितीचा आणि पुढच्या वर्षीही माल आपल्याच दुकानी यावा ही त्याची गरज. त्यामुळे खरेदीदाराने पैसे थकवले, तरी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम, चुकती करण्यातच अडत्याचे हित होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमागेही, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांमागेही, हीच गोष्ट होती. जमिनीखाली बंद असलेली हळद मालकाला रोज पाहता येत नसे, म्हणून पेव सांभाळणाऱ्याच्या शब्दाला किंमत होती. (2005 च्या महापुराने बहुतेक पेवे निकामी केली. आता त्या शब्दाची जागा गोदामाच्या पावतीने घेतली असून, नोंदणीकृत गोदामाची पावती हस्तांतरणीय ठरवणारा कायदा 2007 मध्ये झाला.)

द्राक्षाच्या सौद्यात असा तिसरा माणूस बहुधा नसतोच. शिवाय घड एकदा काढले की ते थांबत नाहीत, आणि गाडी रस्त्याला लागली की शेतकऱ्याच्या हाती घासाघीस करण्याजोगे काहीच उरत नाही. त्याच द्राक्षाचा बेदाणा केला, तर तो शीतगृहात राहतो, नमुना पाहून उघड बोली लागते आणि दर पटला नाही तर माल परत ठेवता येतो.

मोबाइलबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. 2016 मध्ये सुरू झालेली यूपीआय व्यवस्था एका खात्यातून निघालेली रक्कम दुसऱ्या खात्यात पोहोचवते. उरलेली रक्कम निघेलच, याची हमी ती देत नाही. दोन गाड्यांचे पैसे तत्काळ आले, याचा अर्थ तेवढेच पैसे आले. आपण मात्र यंत्राचा चोखपणा त्या माणसाच्या नावे जमा केला.

पुढच्या वेळी बाजार समितीत व्यापाऱ्याची नोंद आहे का ते विचारावे, स्थानिक जामीनदार घ्यावा आणि आधीच्या गाडीची पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय पुढची भरू नये. झालेल्या व्यवहाराच्या वजनपावत्या, गाड्यांचे क्रमांक व मोबाइलवरील संदेश जपून ठेवून पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. त्याने चेक दिला असेल आणि तो वटला नसेल, तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस जायला हवी.