वर्गात समजते, पण पेपरात आठवत नाही. काय करावे?

तुम्ही विचारले आहे की, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता नाशिकला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, दिंडोरीहून रोज एसटीने ये-जा करता, वर्गात शिकवलेले समजते, वही तीन-तीनदा वाचून होते आणि तरीही पेपर हातात पडला की आठवत नाही. मग आपली स्मरणशक्तीच कमी आहे का?

मला तसे वाटत नाही. मी स्वतः कळवण तालुक्यातल्या मराठी शाळेतून नाशिकला आलो आणि पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रात नापास झालो, तेव्हा मीही हाच निष्कर्ष काढून बसलो होतो. आज तोच विषय शिकवत असल्यामुळे खात्रीने सांगतो, अडचण वही वाचण्याच्या सवयीत आहे. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि त्या ओळखीलाच आपण ‘मला हे येते’ असे समजतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो आणि ओळखायला काहीच नसते.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच हे तपासले. एकाच उताऱ्याचे काहींनी पुन्हा वाचन केले, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना सुमारे 42 टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून ‘झाले’ असे का वाटते, ते यावरून कळेल.

अमोनिया तयार करण्याच्या हेबर प्रक्रियेचे उदाहरण घ्या. वही मिटा आणि कागदावर लिहा : नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात. आता स्वतःलाच विचारा, दाब का वाढवायचा? चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे झुकतो. अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, असल्याने कमी तापमानात अमोनिया जास्त मिळायला हवा, मग 400 ते 450 अंश सेल्सिअस कशासाठी? इथे बहुतेकांचे पेन थांबते. कमी तापमानात अभिक्रिया फारच सावकाश चालते, म्हणून तिचा वेग वाढवणारा लोहाचा उत्प्रेरक वापरूनही एवढे तापमान ठेवावे लागते. पेन जिथे थांबले तेवढाच भाग वहीत पाहा, वही पुन्हा मिटा आणि तो लिहून काढा. तुमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागांत पडणारा युरिया याच अमोनियापासून तयार होतो. अशी एखादी घरची गोष्ट विषयाला जोडली की तो डोक्यात पक्का बसतो.

मराठीतून शिकून आता इंग्रजीत उत्तरे लिहिताना भाषा कोणती वापरावी, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्यांदा आठवून लिहिताना खुशाल मराठीत लिहा, कारण ‘का’चे उत्तर आपल्या भाषेत देता आले तरच समजले आहे की नाही ते कळते, मात्र ‘इक्विलिब्रियम’ (समतोल), ‘कॅटॅलिस्ट’ (उत्प्रेरक) यांसारखे शब्द पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेच उत्तर इंग्रजीतून लिहा. वाक्ये लहान झाली तरी चालतील. पाठ केलेली लांबलचक वाक्ये मधला एक शब्द निसटला की पूर्ण कोलमडतात, हे मी उत्तरपत्रिका तपासताना नेहमी पाहतो.

एसटीतला वेळही याच कामाचा आहे. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. सकाळी येताना कालचा तास मनातल्या मनात सुरुवातीपासून उभा करा, अडलेली जागा लक्षात ठेवा आणि महाविद्यालयात पोहोचल्यावर ती आधी पाहा. तोच भाग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवून लिहा. सुरुवातीचे काही दिवस निम्मेसुद्धा आठवणार नाही आणि फार अस्वस्थ वाटेल. त्या दिवसांत मात्र पुन्हा वाचनाकडे वळू नका. एवढे करूनही एखादी जागा अडतच राहिली, तर तुम्ही लिहिलेला तो कागद घेऊन तुमच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. ‘काहीच समजत नाही’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवात कुठून करून द्यावी हे आम्हाला कळत नाही, पण अर्धवट लिहिलेला कागद समोर आला की नेमके काय सांगायचे ते लगेच दिसते.