राज्यभराच्या कॅन्सर नोंदणीसाठी कायदाच लागतो का? सरकारी आदेश पुरत नाही?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आरोग्य खात्याने रुग्णालयांना आदेश काढला तर भागत नाही का, कायदा करायचाच झाला तर त्यात काय असावं, आणि रुग्णाला न विचारता त्याचं नाव सरकारी वहीत घालणं कितपत योग्य. तुमची संस्था कायद्याची मागणी करणार आहे म्हणता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी अकरा वर्षं एका कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे एखाद्या भागातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात, नोंदी काढण्याचं काम केलं. त्यातली सहा वर्षं कायद्याशिवाय गेली आणि पाच कायदा आल्यानंतर.

आदेश पुरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की डॉक्टर फॉर्म भरून पाठवतात आणि आम्ही बेरीज करतो. प्रत्यक्षात मी दिवसचे दिवस रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचे. केसपेपर, बायोप्सीचा रिपोर्ट, रेडिएशन विभागाचं रजिस्टर, डिस्चार्ज कार्ड हे सगळं उपसून एकेक रुग्ण जुळवायचा. एका खासगी रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळणारे एक काका होते, स्वभावाने अगदी सज्जन. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, फाइल मात्र दिली नाही. म्हणाले, "मॅडम, उद्या या पेशंटने वकील आणला तर तुमचं हे पत्र मला वाचवणार आहे का?" माझ्याकडे खात्याचं पत्र होतं, सहीशिक्क्यासकट. पण त्यात शेवटी लिहिलेलं होतं, 'सहकार्य करावे ही विनंती'. विनंतीला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हणणंच त्यांच्या नोकरीसाठी सुरक्षित होतं.

कायदा आल्यावर याच काकांनी मला कपाटाची किल्ली दिली. दंडाला घाबरून नव्हे. दंडाचं कलम पाच वर्षांत एकदाही वापरलेलं मी पाहिलं नाही. कायद्यात एक साधं वाक्य होतं, की या कायद्याप्रमाणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दावा लावता येणार नाही. ते कलम मी त्यांना झेरॉक्स काढून दिलं आणि त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कॅन्सर नोंदणीचा कायदा डॉक्टरांना वठणीवर आणायला असतो असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते तो त्या काकांची रात्रीची झोप शाबूत राहावी म्हणून असतो.

आता तुम्ही म्हणाल, कायद्याशिवायही रजिस्ट्र्या चालल्याच की. चालल्या, आणि उत्तम चालल्या. हॅम्बुर्गमध्ये 1926 साली तीन परिचारिका ठरावीक दिवसांनी रुग्णालयांत आणि दवाखान्यांत फिरून नव्या कॅन्सर रुग्णांची नावं गोळा करायच्या, आणि ती यादी दर आठवड्याला मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली जायची. शंभर वर्षं होत आली, कामाचा गाभा अजून तोच आहे. डेन्मार्कची देशव्यापी नोंदणी 1942 साली सुरू झाली, नोंदवणं सक्तीचं झालं ते 1987 साली. आपल्याकडे मुंबईची रजिस्ट्री 1963 पासून आहे. पण शहर पायी फिरून पुरं करता येतं, ओळखीपाळखीवर निभावता येतं. अख्ख्या राज्यात शेकडो रुग्णालयं, त्याहून जास्त लॅब, आणि प्रत्येकाचा व्यवस्थापक दर दोन वर्षांनी बदलतो. मग ओळख कुठवर पुरणार?

आणि इथे 'जवळजवळ सगळे' चालत नाही. दहापैकी नऊ रुग्णालयांनी माहिती दिली म्हणजे नव्वद टक्के काम झालं, असा हिशोब नसतो. न देणारं दहावं बहुधा मोठं खासगी असतं किंवा आडबाजूचं असतं, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण सगळेच्या सगळे गळतात. मग नकाशावर तो जिल्हा हिरवागार दिसतो, 'इथे कॅन्सर कमी' असा अर्थ निघतो आणि रेडिएशनचं मशीन दुसरीकडे जातं.

अमेरिकेची गोष्ट या बाबतीत वाचण्यासारखी आहे. कनेटिकटने 1941 साली राज्यभराची नोंदणी उभी केली आणि 1935 पर्यंत मागे जाऊन जुन्या नोंदीही भरल्या. तरी पुढे पन्नास वर्षांनी, 1992 साली, तिथल्या दहा राज्यांत रजिस्ट्रीच नव्हती, आणि जिथे होती तिथेही पुष्कळ ठिकाणी ना पैसा ना कायद्याचा आधार. त्या वर्षी संसदेने कायदा केला आणि निधीला अट घातली. पैसे हवेत तर आधी तुमच्या राज्याच्या कायद्यात अमुक गोष्टी आणा. रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनीही नोंद द्यायची, रजिस्ट्रीच्या माणसाला मूळ कागद बघण्याचा हक्क, सगळ्यांचा नमुना एकच, गुप्तता, संशोधकांना माहिती कोणत्या अटींवर द्यायची, आणि माहिती देणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण. शिवाय केंद्राच्या तीन डॉलरमागे राज्याने एक घालायचा. तुम्हाला मसुदा करायचा असेल तर ही यादी पुढ्यात ठेवा, यात फुकटचं काही नाही.

कायद्यात सगळ्यात जास्त भांडण व्याख्येवर होतं, आणि व्हायलाच हवं. 'रुग्णालयांनी कळवावे' एवढंच लिहिलंत तर ज्या लॅबमध्ये निदान होतं ती सुटते, डे-केअरमध्ये केमो देणारा सुटतो, घरच्या घरी गोळ्यांवर असलेला रुग्ण सुटतो. कॅलिफोर्नियाची नोंदणी जुनी आणि नावाजलेली, तरी पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावा यासाठी त्यांनाही वेगळा कायदा करावा लागला, तो 2019 पासून लागू झाला. 'कॅन्सर' म्हणजे काय हेही लिहावं लागतं. मेंदूतली गाठ साधी असली तरी माणसाला आंधळं करू शकते, पण ती कॅन्सर नाही म्हणून अमेरिकेत कित्येक वर्षं देशभर सगळीकडे मोजली जात नव्हती. 2002 साली कायदा दुरुस्त करून 2004 पासूनच्या गाठी मोजायला घेतल्या. उलट त्वचेच्या कॅन्सरचा बेसल सेल हा प्रकार इतका जास्त आणि इतका बरा होणारा असतो की बहुतेक रजिस्ट्र्या तो घेतच नाहीत. म्हणून मुख्य कायद्यात आजारांची लांबलचक यादी कोरू नका. यादी नियमांत ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलासाठी विधिमंडळात जावं लागणार नाही.

जाता जाता एक गंमत. रिपोर्टमध्ये 'कॅन्सर आहे' असं सरळ वाक्य नेहमी सापडत नाही. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे 'कन्सिस्टंट विथ', 'प्रॉबेबल', 'सस्पिशस फॉर' असं लिहिलेलं असेल तर केस धरायची. 'पॉसिबल', 'सजेस्ट्स', 'कॅनॉट बी रूल्ड आउट' असेल तर सोडायची. मी आणि माझी सहकारी एका 'वरिसम'वर (म्हणजे 'काळजी वाटण्याजोगं') पाऊण तास वाद घालत बसलो होतो. (सोडायचा असतो.) हे असलं काम करणारी प्रशिक्षित माणसं नसतील तर कायदा कितीही चांगला असू दे, आकडे रद्दीत.

आता नावाचा प्रश्न. नाव कशाला, नुसते आकडे घ्या, असं सगळे म्हणतात, मीही आधी म्हणत होते. मग एक बाई माझ्या टेबलावर चार वेळा आल्या. लॅबच्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव, शस्त्रक्रिया झाली तिथे सासरचं, रेडिएशनच्या रजिस्टरमध्ये नुसती आद्याक्षरं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर वय तीन वर्षांनी जास्त. नाव, जन्मतारीख, पत्ता शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर कळलं की ही एकच व्यक्ती. नाव नसतं तर तो स्तनाचा एक कॅन्सर चार म्हणून मोजला गेला असता. आणि निदानापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला, म्हणजे उपचारांचा उपयोग होतोय की नाही, हे तर कधीच कळलं नसतं.

संमतीचं म्हणाल, तर संमती न देणारे लोक सरसकट सगळ्या थरांतले नसतात. जे फार आजारी असतात, जे निदानानंतर महिन्याभरात जातात, त्यांना विचारणार कोण आणि कधी? इंग्लंडमध्ये 2000 च्या सुमारास हाच पेच पडला होता. डॉक्टरांच्या नियामक मंडळाच्या मार्गदर्शनामुळे संमतीशिवाय रजिस्ट्रीला माहिती द्यावी की नाही याची डॉक्टरांना धास्ती वाटू लागली, आणि 2001 साली कायद्यात खास तरतूद करून तो सोडवावा लागला. जर्मनीने वेगळी शक्कल काढली. 1995 च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना नोंदणी उभारायला लावली आणि काम दोन कार्यालयांत वाटण्याचा नमुना घालून दिला. एक कार्यालय नाव बघून त्याचं सांकेतिक रूप करतं, दुसऱ्याकडे आजाराची माहिती राहते पण नाव कधीच पोचत नाही. मला ही रचना आवडते, फक्त तिला माणसं दुप्पट लागतात.

माझं मत असं की परवानगी मागू नये, पण सांगावं जरूर. निदान होतं तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं की तुमची नोंद होणार आहे, कशासाठी, आणि ती कोणाला मिळणार नाही. ते 'कोणाला नाही' कायद्यात नावानिशी हवं. विमा कंपनी नाही, नोकरी देणारा नाही, कोर्टाचं समन्स आलं तरी नाही. एका विमा कंपनीच्या माणसाने मला फोन करून अगदी गोड आवाजात 'फक्त एक नाव कन्फर्म करा' म्हटलं होतं. मी कलमाचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला. कायद्याआधीच्या वर्षांत हा फोन आला असता तर मी काय सांगितलं असतं, मला खरंच कल्पना नाही. छापील आकड्यांतूनही माणूस ओळखू येतो हे विसरू नका. छोट्या गावात दुर्मिळ कॅन्सरचा एक रुग्ण म्हणजे जवळपास नावच. अमेरिकेची राष्ट्रीय आकडेवारी सोळापेक्षा कमी केसेसचा आकडा झाकून टाकते तो यासाठीच.

कायद्याच्या मर्यादाही सांगते. राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत चालतो. रुग्ण शेजारच्या राज्यात ऑपरेशन करून आला की तुमच्या हाती काही नाही, म्हणून इतर राज्यांशी नोंदींची देवाणघेवाण करायचा अधिकार कायद्यातच लिहून घ्या. केंद्राच्या मालकीची रुग्णालयंही राज्याच्या कायद्याला बांधील असतातच असं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या केंद्रीय रुग्णालयांनी काही काळ काही राज्यांना नोंदी देणं थांबवलं, तेव्हा पुरुषांच्या कॅन्सरचे आकडे आपोआप घटल्यासारखे दिसले. आणि जो रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही, त्याला कोणतं कलम शोधणार? बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली, तेव्हा रुग्णालयात बसून भागणारं नव्हतं. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत. त्याचा परिणाम असा झाला की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर तपासायला येऊ लागल्या. नुसती मोजणी करता करता हे घडलं. हे कुठल्याही मसुद्यात लिहिता येत नाही, पण गावात फिरणाऱ्या माणसाचा पगार मात्र लिहिता येतो.

मृत्यूच्या नोंदीशी जोडणी विसरू नका. ज्या माणसाचा कॅन्सर आम्हाला फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळतो, तो जिवंतपणी आमच्या हातून निसटलेला असतो. अशा केसेस तीन टक्क्यांच्या आत असाव्यात असा अमेरिकेतला निकष आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी तो आकडा बघून साहेबांनी कागद उलटा ठेवला होता. मृत्यू नोंदवणारं कार्यालय वेगळ्या खात्याचं असतं आणि दुसऱ्या खात्याच्या पत्राला ते जुमानत नाही, म्हणून त्यांनाही कायद्यातच बांधून घ्यावं लागतं.

आणि घाई करू नका. निदान झाल्यावर नोंद पूर्ण व्हायला महिने लागतात, कारण उपचार काय झाले तेही यायचं असतं. अमेरिकेत पंचाण्णव टक्के नोंदी पूर्ण होण्यासाठी चोवीस महिन्यांची मुदत धरतात. तुमच्या राज्यात कायदा आज झाला तरी पहिली दोन वर्षं आकडे वाढत जातील. वाढला तो कॅन्सर नसेल, नोंदणी असेल. पण वर्तमानपत्रात 'कॅन्सरचा विस्फोट' छापून येईल आणि कुणीतरी मंत्री विचारेल की ही रजिस्ट्री बंद करता येईल का.

मसुदा हातात आला की पहिलं पान सोडा, तिथे उद्देश लिहिलेले असतात आणि ते नेहमी चांगलेच असतात. शेवटचं पान उघडा आणि पैशांचं कलम वाचा. 'उपलब्ध निधीच्या अधीन राहून' असे शब्द दिसले तर सही करण्याआधी ते खोडायला सांगा, आणि तिथे पदांची संख्या लिहून घ्या. आमच्या कायद्यात ते शब्द तसेच राहिले होते. चौथ्या वर्षी आम्ही नऊ जणींच्या पाच झालो, आणि काकांनी दिलेली किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली, कारण तिकडे जायला माणूसच नव्हता.