वाकळीवर पासपोर्टच्या दोन ओळी

प्रश्न : मी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवते. आखातात कामाला किंवा हजला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना विमानतळावरचं यंत्र कसं वाचतं, यावर प्रदर्शनासाठी एक वाकळ करायची आहे. रडके चेहरे आणि काटेरी तारा नकोत. मग काय शिवू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पासपोर्टच्या माहितीपानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी शिवा. यंत्र आधी त्याच वाचतं. ई-पासपोर्टात चिप असते, तिच्यातला फोटो उघडायची किल्लीसुद्धा त्यातूनच बनते.

एका ओळीत नेमकी ४४ घरं असतात. ५ सेंमीचं घर धरलंत तर ओळ २२० सेंमी होते, मूळच्या सुमारे वीसपट. पहिल्या ओळीत ५ घरं पासपोर्टचा प्रकार आणि देशाची, उरलेली ३९ नावाची. नाव मावलं नाही तर छाटायचं, जागा उरली तर कोनचिन्हांनी (<) भरायची. अक्षरं फक्त इंग्रजी. त्यामुळे काळे आणि काले इथे एकच! लुगड्याच्या काठातून 'ळ' कापा आणि इंग्रजी 'एल'च्या घराखाली एकाच टाक्यावर लोंबता ठेवा.

खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. जन्मतारखेमागे एक तपासणी अंक असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून घ्या, साल १९६५. यंत्रात ती ६५०६०१ अशी जाते. अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा : ४२, १५, ०, ४२, ०, १. बेरीज १००, दहाने भागून बाकी ०, तोच तपासणी अंक. हिशोब चोख! पण ही तपासणी फक्त अंक बरोबर वाचला की नाही याची. तारीख अंदाजाची आहे हे तिला कळायचा मार्गच नाही. म्हणून त्या शून्याचं घर खिशासारखं वरून उघडं ठेवा आणि आत आईने सांगितलेली खूण शिवा : 'पोळ्याच्या आदल्या दिवशी'.

आधी वाकळ पूर्ण शिवा, घरं नंतर आखा. उलट केलंत तर धावदोऱ्याने कापड आक्रसतं आणि घरं लहान-मोठी होतात. लुगडी आधी धुऊन घ्या. सुती थरांत नायलॉनचं मिसळू नका, सरकतं.

खऱ्या माणसाचा पासपोर्ट क्रमांक अजिबात नको. देशाच्या जागी 'यूटीओ' ही तीन इंग्रजी अक्षरं घाला. आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या काल्पनिक देशाचा तो संकेत आहे, नाव युटोपिया. (असं नाव सुचलेल्या अधिकाऱ्याला दाद द्यायला हवी.)

टांगताना चिमटे लावू नका, वजनाने वरची कड ओढली जाते. मागे कापडी नळी शिवून त्यात बांबू घाला. खिशात बोट घालायला कुणाला वाकावं लागू नये, इतक्या उंचीवर दुसरी ओळ येऊ द्या.